पावसाळ्यात रस्त्याकडेच्या दरडी खरवडू नका, त्यात तिबोटी खंड्याची घरटी असतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबी, आमगावच्या बाजूला पाऊस लागला की तिबोटी खंड्याची वीण सुरू होते, आणि नेमकं त्याच टायमाला रस्त्याकडेच्या गटारी काढायला जेसीबी येतो. त्याबद्दल लिहायचंय.

खंड्या म्हटलं की लोकांना तो पांढऱ्या छातीचा, विजेच्या तारेवर बसलेला मोठा खंड्या आठवतो, शेजारचे कानडी लोक मिंचुळ्ळी म्हणतात तो. हा त्यातलाच पण वेगळा. चिमणीपेक्षा लहान, चोच धरून जेमतेम पाच इंच. पोट पिवळंधमक, पंख गडद निळे, डोकं आणि शेपटीच्या वरचा भाग जांभळट गुलाबी, चोच आणि पाय शेंदरी. बहुतेक पक्ष्यांच्या पायाला चार बोटं असतात, याला तीनच. एवढे रंग असून पण गच्च झाडीत हा पटकन दिसत नाही, ओढ्यावर खाली वाकलेल्या एखाद्या फांदीवर गप्प बसून असतो, बारीक शिट्टी मारल्यासारखं ची-ची ऐकू येतं आणि मान वळवेपर्यंत हा जमिनीलगत सरळ निघून गेलेला असतो.

नुसते मासेच खातो असं पण नाही. लहान खेकडे, बेडूक, पाली, सापसुरळ्या, कोळी, किडे सगळं चालतं. आमच्या काजूच्या बागेमागं ओढा आहे, तिथं मागच्या पावसाळ्यात एकाला खेकडा धरलेला बघितला. फांदीवर एकदा या बाजूनं एकदा त्या बाजूनं आपटत होता, नांग्या गळून पडल्या तरी थांबला नाही, पार ढिला झाल्यावर मग गिळला. त्या एवढ्याशा जिवात केवढा जोर असतो ते बघायलाच पाहिजे!

आता मुद्द्याचं. याचं घरटं झाडावर नसतं, मातीत असतं. उभी उघडी दरड बघून नर-मादी दोघं मिळून चोचीनं माती फोडतात आणि पायानं मागं ढकलत आत बोगदा नेतात, कधी कधी हातभर लांब. तोंड दोन-तीन बोटं रुंद, त्यामुळं माहीत नसलेल्याला ते उंदराचं बीळच वाटणार. ओढ्याच्या काठालाच असतं असं नाही, रस्ता करताना डोंगर कापलेला असतो ती दरड, घरामागं माती काढून तयार झालेली भिंत, असल्या ठिकाणी पण करतात. अंडी चार-पाच, ती उबायला सतरा-अठरा दिवस आणि पिल्लं उडायला पुढं वीसेक दिवस, म्हणजे नुसती माती खोदायचे दिवस सोडले तरी सव्वा महिना जातो. जून ते सप्टेंबर हा सगळा काळ त्यांचा.

आमच्याकडं जुलैमध्ये असंच रस्त्याचं काम निघालं आणि गटार रुंद करताना अख्खी दरड खरवडून काढली. संध्याकाळी बघतो तर जोडी तिथंच, त्यातल्या एकाच्या चोचीत पाल, आणि ताज्या लाल मातीसमोर नुसत्या घिरट्या. कामावरच्या पोरांचा काही दोष नाही, त्यांना कोण सांगितलंच नाही. पण गटारी मे महिन्यात काढल्या तर काय बिघडतं? नाहीतर पावसात पाणी तुंबतं तेवढ्यापुरतं गटार मोकळं करा, दरडीला हात लावू नका, ती दसऱ्यानंतर कापा.

दुसरा त्रास फोटोवाल्यांचा. रायगड जिल्ह्यानं याला जिल्हा पक्षी केलंय, कौतुकाची गोष्ट आहे, पण त्यामुळं याचा फोटो पाहिजे म्हणून लोक लांबून लांबून येतात आणि घरट्याच्या तोंडासमोर आडोसा करून तासन् तास बसतात, फ्लॅश मारतात, आड येणाऱ्या फांद्या पण तोडतात. समोर माणूस असला की आईबाप आत शिरत नाहीत, पिल्लं उपाशी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली घरटं, अंडी यांची नासधूस करणं हा गुन्हा आहे. होम स्टेवाल्या बंधूंनी तरी पाहुण्यांना घरटी दाखवायचं बंद करावं, ओढ्यावर लांबून दाखवा की, तिथं कोण नको म्हणतंय. भीमगड अभयारण्य २०११ साली झालं म्हणून आतली घरटी जरा तरी सुरक्षित, पण रस्त्याकडेच्या दरडी, आपल्या बागा, परसं हे सगळं बाहेरच येतं, तिथं आपणच बघायला पाहिजे.

अजून एक, हा पक्षी खाली आणि सुसाट उडतो म्हणून घराच्या भिंतीवर, काचेवर आपटून पडतो. पडलेला दिसला तर चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात घालून अंधारात, मांजर येणार नाही असा ठेवा, बरेचदा अर्ध्या-एक तासात सावरतो, मग झाडीजवळ सोडा. नाहीच उठला तर जवळच्या वनखात्याच्या ऑफिसला कळवा.

पत्र जूनच्या आत छापलं तर बरं होईल, पंचायतीच्या मंडळींनी काम काढायच्या आधी वाचलं पाहिजे.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव