रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र : आरक्षण खिडकीवरच्या नव्या स्क्रीनबद्दल

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार,

सप्रेम नमस्कार.

मिनिटाला ३२ हजारांऐवजी दीड लाख तिकिटे काढू शकेल अशी नवी आरक्षण प्रणाली येत असल्याचे आपल्या मंत्रालयाने जाहीर केले, त्याचे मनापासून स्वागत. पण ही क्षमता सर्व्हरची झाली. खिडकीसमोरची रांग सरकते ती क्लार्कच्या बोटांवर. त्याच्यासमोरची जुनी अक्षरी स्क्रीन जाऊन ब्राउझरमधले वेबपेज येणार असेल, तर काय जपावे हे सांगायला हे पत्र.

जुनी अक्षरी स्क्रीन म्हणजे ८० अक्षरांच्या २४ ओळी, जेमतेम दोन किलोबाइट. सरावलेला क्लार्क फॉर्मवर नजर ठेवून गाडी क्रमांक, तारीख, वर्ग, स्टेशनचे कोड, मग नाव-वय भरत जातो. स्क्रीनकडे फारसे बघतही नाही. उत्तर यायला क्षणभर उशीर झाला तरी दाबलेली अक्षरे थांबून राहतात आणि क्रमाने आत जातात. वेबपेजवर नेमके इथेच बिघडते. पान लोड होईपर्यंत टाइप केलेले गायब होते, नाहीतर वय नावाच्या रकान्यात जाऊन बसते. सकाळी ११ला स्लीपरचे तत्काळ उघडते किंवा गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचे आरक्षण ६० दिवस आधी ८ वाजता सुरू होते, तेव्हा माउसकडे गेलेला एक हात रांगेतल्या कुटुंबाला वेटिंगवर टाकतो.

तेव्हा निविदेतच लिहावे : प्रत्येक काम माउसशिवाय झाले पाहिजे, आणि पान तयार नसताना दाबलेली बटणे कोडने जपून ठेवली पाहिजेत. साध्या ब्राउझरमध्ये एफ५ने पान पुन्हा लोड होते, कंट्रोल-डब्ल्यूने टॅबच बंद होतो, आणि हे दुसरे पानातल्या कोडला रोखता येत नाही. म्हणून खिडकीवर ब्राउझर बंदिस्त, किऑस्क पद्धतीनेच चालवावा, म्हणजे पडद्यावर तेवढे एकच पान आणि अशी बटणे बंद.

छपाईकडे सहसा शेवटी लक्ष जाते. ब्राउझर पानाचे चित्र करून प्रिंटरला पाठवतो. ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे उमटवणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ते रेंगाळते, आणि आधीच छापलेल्या तिकिटावर एखादी ओळ सरकली की मजकूर चौकटीबाहेर जातो. खिडकीवरच्या संगणकात छोटा छपाई प्रोग्राम ठेवून साधा मजकूर थेट प्रिंटरला द्यावा. प्रत्येक व्यवहाराला पाठवण्याआधीच क्रमांक मिळावा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने तो जुनाच व्यवहार मानावा. लाइन तुटली आणि एंटर दोनदा दाबले गेले, तरी तिकीट एकच निघेल.

जुन्या स्क्रीनवर नुसता वेबचा मुखवटा चढवण्याचा मोह टाळावा. असा मुखवटा जुन्या स्क्रीनवरच्या ठरावीक ओळीतली ठरावीक जागा वाचतो. त्या मागच्या स्क्रीनवर एक ओळ वाढली की चुकीचा आकडा उचलतो, आणि पुष्कळदा कुणाला कळतही नाही.

वेबचा खरा लाभ वेगळा आहे : नावे देवनागरीत दाखवता येतील, प्रवाशाला समोरच्या पडद्यावर तपशील तपासता येईल. तो जरूर घ्यावा.

नवी स्क्रीन आधी एकाच स्टेशनवर, जुन्या खिडकीशेजारी चालवावी. सहा प्रवाशांचा फॉर्म दोन्हीकडे किती सेकंदांत आणि किती बटणांत भरला जातो, हे नेहमीच्या क्लार्ककडूनच मोजून घ्यावे. नवी हळू निघाली तर ठेकेदाराचे बिल थांबवावे, जुनी खिडकी नव्हे.

आपले,
व्यवसायप्रणालींवर काम करणारे काही तंत्रज्ञ