तिकिटं रद्द केलीयत, पण आधी पत्र वाचा

प्रिय आई, प्रिय बाबा,

आधी सांगूनच टाकते, कारण आई शेवटचं पान पहिलं वाचते हे मला माहितीये. तुमची पुढच्या आठवड्याची तिकिटं मी रद्द केलीयत. मी केली, ह्याने नाही, त्यामुळे फोन करून त्याला बोलू नका, तो बिचारा उलट म्हणत होता की येऊ दे की, त्यांना बरं वाटेल.

फोनवर सांगायला घाबरले. फोनवर आई एकदम गप्प होते आणि मग बाबा "बरं बरं, तुझं म्हणणं कळलं" म्हणून विषय बदलतात, आणि मग मी चार दिवस स्वतःलाच शिव्या घालत फिरते. म्हणून लिहितेय. पोरं झोपलीत, मी डाव्या कुशीवर तीन उशा लावून पडलीय आणि मोबाईलवर टाईप करतेय, चुका झाल्या तर बाबा लाल पेन काढू नका.

त्या दिवशी आईचा फोन आला तेव्हा मी रडत होते हे खरंय. पण ते बाळामुळे नव्हतं आणि मला जमत नाहीये म्हणूनही नव्हतं, ते तीन किलो प्लम करपले म्हणून होतं. नीट सांगते म्हणजे उगाच मनात काही घेऊन बसणार नाही. झाड यावर्षी लगडलंय नुसतं, आणि पिकायला लागलं की सगळं एकाच आठवड्यात पिकतं, थांब म्हटलं तर थांबत नाही. मला वाटलं एकदाच काय ते उरकून टाकू, म्हणून तीन किलो फळ आणि जवळजवळ तेवढीच साखर एकाच पातेल्यात घातली. आई, तू लहानपणापासून सांगतेस एका वेळी एका किलोच्या वर जाऊ नकोस, जास्त घातलं की वरचं आटेपर्यंत खालचं लागतं, रंग काळा पडतो. मला पाठ आहे गं ते. तरी केलं. आणि मग उकळी फुटल्यावर मला बाथरूमला जावं लागलं, हल्ली दर अर्ध्या तासाला जावं लागतं, तेवढ्यात धाकट्याने बागेतला नळ सोडून पाईप स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात घुसवला, मी त्याच्यामागे धावले, म्हणजे धावले कसली, डुलत डुलत गेले, आणि परत आले तर घरभर वास. पातेल्याचा तळ अजून निघाला नाहीये. त्याच क्षणी तुझा फोन. दुसऱ्या कुणाचा असता तर मी हसून मारून नेलं असतं, तुझा आवाज ऐकला आणि बांध फुटला, एवढंच.

आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत तिकिटं काढून मोकळे.

आता माझं म्हणणं ऐका. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अजून तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. एवढा लांबचा प्रवास, तासन् तास एका जागी पाय लोंबकळत ठेवून बसायचं, अशा ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, हे तुझ्याच डॉक्टरांनी सांगितलंय, मी नाही. बाबांचा स्टेंट, त्याच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, पुढची तपासणी, ते सगळं सोडून यायचं म्हणजे काय. मामांच्या वेळी आपण असंच "काही होत नाही, चला" म्हणून निघालो होतो. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तुम्हाला कळतंय.

आणि खरं सांगू का, तुम्ही इथे आलात की बसणार आहात का? आई बॅग ठेवायच्या आधी ओटा पुसायला घेईल, बाबा शिडी लावून झाडावर. मग मी पोट सांभाळू, पोरं सांभाळू की तुम्ही पडणार नाही ना ते बघत बसू? हे जरा फटकळ झालं, रागवू नका. येऊ नका म्हणजे नको आहात असं नाही. उलट मला इतके हवे आहात की तुम्ही धडधाकट हवे आहात.

माझी काळजी करू नका असं म्हणून तुम्ही थांबणार नाही, म्हणून सविस्तरच सांगते. एकोणतिसावा आठवडा चालू आहे. साखरेची टेस्ट झाली, ते गोड पाणी पिऊन बसायची, नॉर्मल आली. हिमोग्लोबिन १०.२ आहे, ११ च्या वर पाहिजे, म्हणून लोहाची गोळी चालू आहे, ती लिंबूपाण्याबरोबर घेते आणि तिच्या आगेमागे तासभर चहा बंद. होय, मी, चहा बंद. आई, विश्वास बसत नसेल तर जावयाला विचार. त्या गोळीने पोट घट्ट होतं पण त्यावर औषध अंगणातच आहे, सुकवलेले प्लम, रात्री भिजवून सकाळी खाते. २८ आठवड्यांनंतर कुशीवरच झोपायचं असतं, उताणं नाही, ते पण पाळतेय. बाळ संध्याकाळी सातनंतर जाम नाचतं, थोरली पोटाला कान लावून बातम्या देते, "आता कोलांटी उडी मारली." हालचाल कमी वाटली तर उद्या बघू म्हणत न बसता लगेच दाखवायला जायचं, हे ह्याने फ्रीजवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय.

बागेचं म्हणाल तर मी खूप कमी केलंय, खरंच. शिडी बंद. वरच्या फांद्यांवरचं पक्ष्यांचं, मधलं हा काढतो, खालचं पोरांचं. पाणी सकाळी सातच्या आत घालून टाकते, झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर घातलाय त्यामुळे ओल टिकते आणि तणही कमी येतं, म्हणजे मला वाकायला कमी. मातीत हात घालायचा तर हातमोजे घालूनच, कारण शेजारचं मांजर स्ट्रॉबेरीचा वाफा संडास म्हणून वापरतं आणि मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचं इन्फेक्शन मातीत येऊ शकतं, गरोदरपणात ते बाळाला पोचू शकतं. तोडलेलं सगळं वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय कुणीही तोंडात टाकायचं नाही असा नियम केलाय. तो मोडणारा एकच आहे, दोन वर्षांचा, आणि तो तुतीच्या झाडाखाली सापडतो, जांभळ्या तोंडाने, आणि मी नाही खाल्लं म्हणतो.

बाबा, तुतीवरून आठवलं. तुम्ही मला खांद्यावर घ्यायचात आणि मी वरून तोडून अर्ध्या तुमच्या केसांत पाडायची, आणि मग आपण दोघं नळाखाली डोकं धुवून घरात जायचो म्हणजे आईला कळणार नाही. तिला दर वेळी कळायचं. तुमच्या कॉलरवरून कळायचं, हे मला आत्ता पोरांचे कपडे धुताना कळतंय. कच्ची तुती चोळली की डाग फिका होतो हे आईनेच सांगितलं होतं, काल करून बघितलं, बऱ्यापैकी निघाला.

फळांचं मी ठरवून टाकलंय. जॅम आत्ता नाही. प्लम धुवायचे, अर्धे करायचे, बी काढायची, ताटात एकेक सुटे मांडून आधी गोठवायचे आणि मग पिशवीत भरायचे, म्हणजे त्यांचं ढेकूळ होत नाही. उणे १८ ला सात-आठ महिने आरामात राहतात. पीच पण तसेच, फक्त उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात टाकले की साल हाताने सुटते, आणि काळे पडू नयेत म्हणून लिंबाचं पाणी. जॅम थंडीत करीन, बाळ झाल्यावर, तुम्ही इथे असताना, आई खुर्चीवर बसून हुकूम सोडेल. गोठवलेल्या फळाचं पेक्टिन, म्हणजे ज्याने जॅम घट्ट होतो ते, थोडं कमी होतं म्हणतात, तर लिंबू जरा जास्त पिळू, हाय काय नाय काय.

यात पोरांना पण काम मिळालंय. धाकट्याच्या घशात बी अडकायची मला फार भीती, म्हणून थोरली हिशोब ठेवते, जेवढी फळं कापली त्याच्या बरोब्बर तेवढ्या बिया वाटीत पाहिजेत. ती पाटीवर रेघा मारते. परवा ३४ प्लम आणि ३३ बिया. आई गं, काय सांगू तुला, मी त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं, ओटा, टेबलाखाली, त्याच्या चड्डीत, सगळीकडे, तो आपला खिदळतोय. शेवटी संध्याकाळी हा फिरायला निघाला आणि बूट घातल्या घातल्या ओरडला. चौतिसावी बी बुटात. थोरलीने शांतपणे पाटी आणली आणि शेवटची रेघ मारली, अगदी बाबांसारखी मान हलवत.

बाळंतपणाची तयारी झालीय. ह्याची चार आठवड्यांची सुट्टी मंजूर झालीय, रात्री-अपरात्री निघावं लागलं तर शेजारच्या काकू पोरांजवळ झोपायला येणार, त्यांना किल्ली दिलीय, धाकट्याची चादर कुठली आणि थोरलीला दिवा चालू लागतो हे पण सांगून ठेवलंय. फ्रीजरमध्ये फळं आहेत तशी दोन आठवड्यांची जेवणं पण भरून ठेवतेय, रोज एक डबा जास्तीचा. मी दुपारी अर्धा तास आडवी पडतेच पडते. बरं, रोज नाही, पण बहुतेक दिवस.

तुम्हाला मी पाचव्या महिन्यापर्यंत सांगितलं नाही त्याचं वाईट वाटतं मला. मागच्या वेळचं डोक्यात होतं. शिवाय तिसरं म्हटल्यावर आई काय म्हणेल असं वाटायचं, आणि आई तू काहीच म्हणाली नाहीस, नुसतं "जेवलीस का" विचारलंस. त्यावर पण मी फोन ठेवून रडले. रडणंच चालू आहे एकंदरीत, त्याला फार किंमत देऊ नका.

आता माझं ऐका दोघंही. आई, फिजिओथेरपी दिवसातून दोनदा म्हणजे दोनदा, बाबांना आकडा सांगून मोकळी होऊ नकोस. जॅमची बरणी उघडल्यावर वर बुरशी दिसली तर वरचं काढून खालचं खायचं नाही, अख्खी टाकून द्यायची. तुझ्या आईने खाल्लं असेल, तू खाऊ नकोस. आणि ते वर मेण ओतून बंद करणं आता बास, त्याने हवा नीट अडत नाही, झाकण पक्कं बसणाऱ्या बरण्या घे आणि भरून झाल्यावर पाण्यात १० मिनिटं उकळ. बाबा, तुमचा टोमॅटोचा कारखाना मी बंद करत नाही पण अर्ध्या लिटरच्या बाटलीला एक मोठा चमचा लिंबाचा रस घालायचाच, बाटलीतला तयार रस घ्या, त्याचा आंबटपणा सारखा असतो. टोमॅटो कधीकधी पुरेसा आंबट नसतो आणि मग बंद बाटलीत बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं, त्याला ना वास ना चव. तुम्ही म्हणाल ४० वर्षं काही झालं नाही. घाला हो, माझ्यासाठी घाला. आणि शेंगा बाटलीत भरायच्या नुसत्या उकळून असलं काही करायचं नाही, त्या फ्रीजरमध्ये. रक्ताची गोळी विसरायची नाही. शिडी दोन्ही घरांत बंद.

बाळ दोन महिन्यांचं झालं की या, मी स्वतः तिकिटं काढीन, मध्ये एक रात्र मुक्काम करून, दमछाक न करता. खालची खोली तुमची. आईसाठी उंच पलंग, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय, कमोडशेजारी एक आणि आंघोळीच्या जागी एक. खिडकीतून प्लमचं झाड दिसतं, तेव्हा पानं नसतील त्याला, पण बाबांची छाटणी करायची वेळ हीच ना? खाली उभं राहून, काठीला लावलेल्या कात्रीने. फ्रीजरमध्ये १४ पिशव्या झाल्यात, तारीख घालून, थोरलीने प्रत्येकीवर एक प्लम काढलाय, काही बटाट्यासारखे दिसतात.

करपल्यावर दुसऱ्या दिवशी एक किलोचा एक घाणा केला मात्र. राहवेना. थर्मामीटर घेतलाय मी, १०५ ला आलं की झालं, हसू नकोस आई, पण शेवटी फ्रीजरमधली थंडगार बशी काढलीच आणि गॅस बंद करून तिच्यावर थेंब टाकला. थोरलीने बोटाने हळूच ढकलला, सुरकुती पडली, म्हणजे जॅम जमला, मग ती थांबली आणि मला विचारलं, "आता बशी कोण चाटणार?" मी लहान असताना बशी कायम माझी असायची ना. तुझी कधीच नसायची, आई. मी दिली तिला. चार बरण्या झाल्या, दोन तुमच्या नावाने ठेवल्यात.

धाकटा कुरकुरतोय, उठेल आता. राग आला असेल तर फोनवर रागवा, पण फोन करा. उद्या दुपारी करा, एकनंतर, मी आडवी असेन.

तुमची
चिऊ

ता. क. बाबा, तिकिटाचे पैसे तुमच्याच खात्यात परत येतील, थोडे कापून. कापलेले मी पाठवले तर ते परत पाठवत बसू नका. आणि बरणीवर थोरलीने "आजोबांना फक्त एक चमचा" असं लिहिलंय, ते मी सांगितलेलं नाही.