रोगाच्या बातमीत जिवाणूचे नेमके नाव छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की शहराच्या पानावर जुलाब, टायफॉइड, लेप्टो, कावीळ यांच्या बातम्या रोज येऊ लागतात. त्यांत जिवाणू, विषाणू, जंतू, व्हायरस, बॅक्टेरिया हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले जातात. जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया, विषाणू म्हणजे व्हायरस, आणि हे दोन वेगळे. मथळ्यात विषाणू आणि मजकुरात जिवाणू, असेही होते. प्रश्न केवळ भाषेचा असता तर हे पत्र लिहिले नसते. नाव चुकले की वाचक भलतेच औषध मागतो, भलत्याच गोष्टीला घाबरतो आणि ज्याने खरोखर बचाव होतो ते करायचे राहून जाते.

पुणेकरांच्या आठवणीतले उदाहरण घेऊ. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकाएकी वाढले. जीबीएस हाच एखादा नवा विषाणू आहे असे त्या दिवसांत घराघरांत बोलले जात होते. नमुने पाषाणच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत जात होते, त्यानेही हा समज बळावला असेल. जीबीएस हा जंतू नव्हे, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटल्याने होणारा आजार आहे, आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत जे सापडले ते कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी, हा जिवाणू. काहींत नोरोव्हायरस सापडला, तो मात्र विषाणू.

कॅम्पिलोबॅक्टर आणि जीबीएस यांचा संबंध समजून घेण्यासारखा आहे. या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर साखर आणि चरबी यांची जोडरचना असते. काही स्ट्रेनमध्ये, म्हणजे या जातीच्या काही पोटप्रकारांत, तिचे टोक आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी इतके मिळतेजुळते असते की जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) आपल्याच मज्जातंतूंवर चालून जातात. जुलाब होऊन साधारण एक ते तीन आठवडे उलटल्यावर पायांतली ताकद जाऊ लागते आणि अशक्तपणा वर चढत जातो. कॅम्पिलोबॅक्टरचे जुलाब झालेल्या साधारण हजारांत एकाला असे होते. तोपर्यंत आतड्यातला जिवाणू बहुधा निघून गेलेला असतो. म्हणून शौच तपासणीत तो मिळाला नाही, एवढ्यावरून तो नव्हताच असे म्हणता येत नाही. याच कारणाने अँटिबायोटिकने जीबीएस बरा होत नाही. त्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात, किलोमागे रोज 0.4 ग्रॅम असे 5 दिवस, किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे श्वासाच्या स्नायूंवर सतत लक्ष ठेवतात.

हा जिवाणू नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू पोषक माध्यमावर वाढवून पाहण्याच्या तपासणीत, का सापडत नाही, हेही लोकांना कळायला हवे. हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो. याला तेवढा सोसत नाही, पण मुळीच नसला तरी चालत नाही. डब्यात 5 टक्के ऑक्सिजन, 10 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन ठेवून, कोळशाची पूड घातलेल्या खास माध्यमावर, 42 अंश सेल्सिअसला 48 तास ठेवावे तेव्हा तो उगवतो. 42 अंश एवढ्यासाठी की कोंबडीच्या शरीराचे तापमान त्याच्याच आसपास असते आणि कोंबडीचे आतडे हे याचे हक्काचे घर आहे. साध्या मॅककाँकी माध्यमावर, मोकळ्या हवेत, 37 अंशाला लावलेले कल्चर ‘रोगकारक जिवाणू आढळला नाही’ असे सांगेल. ते उत्तर खोटे नाही, पण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचणार नसेल तर तो केरी-ब्लेअर या नमुने वाहून नेण्याच्या माध्यमात घालून थंड ठेवावा लागतो, नाहीतर जिवाणू वाटेतच मरतो.

स्वयंपाकघरात याच गुणांचा वेगळा अर्थ होतो. साल्मोनेला हा अन्नातून येणारा दुसरा जिवाणू बाहेर राहिलेल्या अन्नात भराभर वाढतो. कॅम्पिलोबॅक्टर 30 अंशांच्या खाली वाढत नाही, आणि मोकळ्या हवेतही नाही. त्यामुळे नुसते ‘शिळे खाऊ नका’ म्हणून भागत नाही. त्याला वाढण्याची गरजही नसते, पोटात काहीशे जिवाणू गेले तरी पुरतात. कच्चे चिकन नळाखाली धुताना उडालेले शिंतोडे आणि त्याच सुरीने, त्याच पाटावर चिरलेली काकडी, एवढ्याने संसर्ग होतो. चिकन धुऊ नये, आतपर्यंत 74 अंश तापेल असे शिजवावे, आणि कोशिंबिरीचा पाट व सुरी वेगळी ठेवावी. फ्रिजमध्ये तो मरत नाही, उलट गार पाण्यात बरेच दिवस तग धरतो. उकळी आणि क्लोरीन यांपुढे मात्र त्याचे काही चालत नाही.

आता नावाविषयी. आजवर नियमाने नावे दिलेल्या जिवाणूंच्या जाती 20 हजारांच्या वर आहेत. त्यांतल्या माणसाला आजार करणाऱ्या दीड हजाराच्या आसपास, आणि त्यांतही नेहमी भेटणाऱ्या फार थोड्या. 1977मध्ये अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूझ यांनी रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रचनेतल्या) आरएनएच्या तुलनेवरून जीवसृष्टीची फेरमांडणी केली. तेव्हापासून याच आरएनएचा सुमारे दीड हजार अक्षरांचा 16 एस नावाचा जनुक वाचून जिवाणूचे कूळ ठरवले जाते. हे काम पुण्यात रोज चालते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे सूक्ष्मजीव संसाधन केंद्रही इथेच आहे. ज्या शहरात जिवाणूंची कुळे लावली जातात त्या शहराच्या वृत्तपत्रांत त्यांची नावे बिनचूक यावीत, ही अपेक्षा फार नाही.

जातीच्या नावावरही गोष्ट संपत नाही. ई. कोलाय आपल्या सर्वांच्या आतड्यात आयुष्यभर असतो आणि बहुतेक स्ट्रेन काहीही करत नाहीत, पण ओ157 हा त्याचा एक प्रकार रक्ताचे जुलाब करतो आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. रक्ती आंव करणारा शिगेला जनुकांनुसार पाहिला तर ई. कोलायच आहे. तरीही त्याचे वेगळे नाव ठेवले आहे, कारण ते बदलले तर डॉक्टरांचा गोंधळ उडेल. पटकीच्या व्हिब्रिओ कॉलरीचे 200हून अधिक ओ-गट (बाहेरच्या आवरणावरून पाडलेले प्रकार) आहेत, साथी आल्या त्या फक्त ओ1 आणि ओ139 या दोघांच्या. त्यांचे विषही मुळात त्यांचे नव्हे. त्याचे जनुक जिवाणूला लागणाऱ्या एका विषाणूने आणून सोडलेले असते. म्हणून ‘पाण्यात ई. कोलाय आढळला’ या बातमीचा अर्थ ‘पाण्यात रोग आढळला’ असा होत नाही. पाण्यात मैला मिसळतो आहे, असा होतो. तोही पुरेसा गंभीर आहे, पण अर्थ वेगळा आहे.

रोजच्या उपचारात सर्वांत उपयोगी पडणारी विभागणी सर्वांत जुनी आहे, 1884ची, डॅनिश वैद्य हान्स ख्रिश्चन ग्राम यांची, जिवाणू रंगवून पाहण्याची. काचपट्टीवर पातळ थर देऊन त्यावर क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, आयोडीन 1 मिनिट, मग अल्कोहोलने काही सेकंद धुणे आणि शेवटी सॅफ्रानिन. जाड भित्तिका (पेशीची भिंत) असलेले ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे राहतात, पातळ भित्तिकेवर आणखी एक पडदा असलेले ग्रॅम निगेटिव्ह गुलाबी होतात. चूक होते ती धुण्यात. अल्कोहोल जास्त वेळ राहिले तर जांभळा गुलाबी दिसतो, थर जाड झाला तर गुलाबी जांभळा दिसतो. या रंगावर औषध अवलंबून असते, कारण व्हॅन्कोमायसिन तो बाहेरचा पडदा ओलांडत नाही. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला भित्तिकाच नसते, तिथे भित्तिकेवर घाव घालणारे पेनिसिलिन निरुपयोगी. क्षयाच्या जिवाणूचे आवरण मेणचट असते, त्याला तापवलेले कार्बोल फुक्सिन आणि आम्ल वापरावे लागते, आणि थुंकीच्या 1 मिलिलिटरमध्ये 10 हजारांच्या आसपास जिवाणू असल्याशिवाय सूक्ष्मदर्शकात तो हाती लागणे कठीण. स्क्रब टायफस या तापाचा जिवाणू ओरिएन्शिया जिवंत पेशीबाहेर वाढतच नाही, म्हणून त्याचे कल्चर मागणे व्यर्थ. आणि विषाणूला यांतले काहीच नसते, त्यामुळे सर्दीला अँटिबायोटिक देणे म्हणजे नसलेल्या भिंतीवर घाव घालणे.

टायफॉइडची बातमी आली की विडाल तपासणीसाठी रांगा लागतात. विडाल जिवाणू शोधत नाही, प्रतिपिंडे शोधते. ती पहिल्या आठवड्यात पुरेशी नसतात आणि जुन्या संसर्गाने किंवा लसीनेही असू शकतात. एकट्या विडालवर निदान करू नये. खरी तपासणी रक्ताचे कल्चर, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी. टायफॉइडच्या रुग्णाच्या 1 मिलिलिटर रक्तात कित्येकदा एखादाच जिवाणू असतो, म्हणून प्रौढाचे 8 ते 10 मिलिलिटर रक्त घ्यावे लागते. ‘एवढे रक्त कशाला?’ म्हणून 2 मिलिलिटरवर भागवले तर जिवाणू निसटतो. रक्त घातलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये, ही चूक वारंवार होते. सगळे नीट केले तरी सुमारे 60 टक्के रुग्णांतच तो सापडतो. पण सापडला की कोणते औषध चालेल हे कळते, आणि आज औषधांना दाद न देणारे टायफॉइड पाहता ते अमोल आहे.

नावाबरोबर मार्गही छापावा. 1897च्या प्लेगमध्ये पुण्यात घरे उघडी करून सामान जाळले गेले. जिवाणू 1894मध्येच हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदराच्या पिसवांमधून येतो हे मान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. नाव कळले होते, वाट कळली नव्हती.

पाण्याबाबत आमची विनंती अधिक आग्रहाची आहे. नुसते ‘पाणी पिण्यास अयोग्य’ असे न छापता दोन आकडे द्यावेत: 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळला की नाही (भारतीय मानकानुसार तो मुळीच आढळता कामा नये) आणि नळाच्या टोकाशी उर्वरित, म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेला, क्लोरीन किती (किमान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर, विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा 0.5). क्लोरीन असलेल्या नळाचा नमुना घेताना बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट होते का, हेही वार्ताहराने विचारावे. नसेल तर वाटेत क्लोरीन जिवाणू मारत राहतो आणि खराब पाणी अहवालात स्वच्छ ठरते. क्लोरीन मोजण्याच्या ऑर्थोटोलिडिन चाचणीचा पिवळा रंग पहिल्या 10 सेकंदांतला धरायचा. नंतर गडद होत जातो त्यात संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही येतो, ज्याचा मारा कितीतरी मंद असतो.

विहीर किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांसाठी: चांगल्या प्रतीच्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या 1000 लिटर पाण्याला साधारण 2.5 ग्रॅम लागते. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीतच खर्च होतो, आधी निवळू द्यावे. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे पाणी टाकीत ओतावे आणि एक तास थांबून उर्वरित क्लोरीन मोजावा. तोंड उघड्या पोत्यातली गेल्या वर्षीची पावडर वापरली तर वजन बरोबर भरते, क्लोरीन मात्र उडून गेलेला असतो. शंका असेल त्या दिवशी पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आणखी एक मिनिट ठेवावे, आणि पुन्हा त्याच न धुतलेल्या माठात ओतू नये.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे व निदान प्रयोगशाळांत काम करणारे काही वाचक,
पुणे