मच्छी टाका नुसता शोभेचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला क्रेझी क्विल्टवरचा लेख वाचला. मी तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं आहे, त्यामुळे वाचताना दोनदा लाल पेन हातात घ्यावंसं वाटलं.

एक तर ही म्हणजे 'आपली गोधडीच' नव्हे. गोधडीत जुनेरांचे थर असतात आणि धावदोरा ते थर धरून ठेवतो. क्रेझी क्विल्टमध्ये रेशमाचे, मखमलीचे वेडेवाकडे तुकडे साध्या अस्तरावर बसवतात. आत कापूस बहुधा नसतोच. अमेरिकेत १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर तिचं वेड पसरलं. पांघरायला कमी, दिवाणखान्यात मिरवायला जास्त!

पण खरा राग आला तो 'सांध्यांवर मशीनची झिगझॅग चालते, हाताचे टाके केवळ शोभेचे' या वाक्याचा. खण कापून बघा, लगेच दशा सुटतात. मच्छी टाका (लेखातला हेरिंगबोन तो हाच) सांध्याच्या एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला अस्तरासकट कापड उचलतो, म्हणून दोन्ही कडा जागच्या जागी बसतात. सांधा वळणाचा असेल तर फेदर स्टिच घ्यावी. ती डावी-उजवीकडे फांद्या टाकत वरून खाली येते आणि वेलीसारखी हवी तशी वळते. फांदीच्या टोकाला एकेक गाठीचा टाका दिला की काम झालं. मखमलीवर मात्र दोन पदरी दोरा लवेत बुडून जातो. तिथे लडीचे सहाच्या सहा पदर घ्या, हात दुखला तरी चालेल. आणि रोज पांघरायची असेल तर टाके आखूड ठेवा, नाहीतर पोरांच्या पायाची बोटं त्यात अडकतात.

नातीसाठी मी अशी एक केली. खण, इरकल, ब्लाउजपिसांचे उरलेले तुकडे, सगळी माझ्या ट्रंकेतली कमाई. पहिल्याच धुण्यात लाल दोऱ्याचा रंग आईच्या शालूच्या मोतिया तुकड्यावर उतरला. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवून मीच दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिला नव्हता. डाग झाकायला त्यावर काज टाक्याचं गोल चाक भरलं. घरी येणारे नेमकं तेच चाक वाखाणतात, आणि मी गप्प बसते.

लेखासोबतच्या फोटोतली फेदर स्टिचही मला मशीनचीच वाटते. सगळ्या फांद्या कशा मापात कापल्यासारख्या आहेत. पुढच्या अंकात तिच्या पाठच्या बाजूचा फोटो छापाल का? पाठ पाहिली की काय ते कळेल.

आपली,
एक निवृत्त शिवणशिक्षिका
नारायण पेठ, पुणे ३०