मुख्याध्यापकपद घेण्याआधी

नाशिक, २२ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,
जय ख्रिस्त.

तुझं पत्र बाळयेशूच्या यात्रेच्या गडबडीत हाती आलं. मुंबईहून पाहुणे उतरले होते, घरात पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस.

सिस्टर निवृत्त होतायत, त्यांच्या धर्मभगिनींच्या संघात मागून येणाऱ्या मुली कमी, म्हणून तुला मुख्याध्यापक हो म्हणतायत. घेऊ का, असं विचारतोस. घे. आपल्या पिढीला कधी ना कधी ही जबाबदारी उचलावीच लागणार होती. पगार, भरती, टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा घोळ, संस्थेची बिलं, ही डोकेदुखी आहेच. तीन महिन्यांत तीही अंगवळणी पडेल. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि ती तुलाच सांगता येते.

आपलं बोर्डिंग आठव. तुझ्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. फादर सायकलवरून आले, तुझ्या बापूंना म्हणाले, पोराला पाठवा, फीचं नंतर बघू. बापूंनी फीच्या जागी बाजरीचं पोतं आणून टाकलं होतं आणि फादरांनी ते डोक्याला लावून घेतलं होतं. ज्याला कुणी विचारत नव्हतं त्याच्यासाठी ती शाळा उभी होती, म्हणून आपण दोघं आज मास्तर आहोत.

आता माझ्या शाळेचं फाटक बघ. प्रवेशाच्या दिवसांत पहाटेपासून गाड्यांची रांग लागते. कॉन्व्हेंटमध्ये घातलं म्हणजे पोराचं इंग्रजी सुधारेल, ही एकच अपेक्षा. त्या पालकांना मी दोष देत नाही, त्यांचं प्रेमच त्यांना इथं आणतं. पण मागच्या महिन्यात त्याच रांगेत एक रिक्षावाला उभा होता. हातात जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून, पोरीला इथं प्रवेश मिळेल का, असं त्याने विचारलं. कारकुनाने सांगितलं, आमची अल्पसंख्याक शाळा आहे, इथं आरटीई लागू नाही. तो म्हणाला, "बरं साहेब," आणि पिशवी पुन्हा घडी करून निघून गेला.

कायद्याने कारकून बरोबरच होता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून वगळलं. घटनेच्या ३०व्या कलमाने आपली शाळा आपण चालवायचा हक्क दिलाय, तो अबाधित राहावा म्हणून. तो हक्क मला मोलाचा वाटतो. पण इतर खासगी शाळांना गरीब मुलांसाठी ठेवाव्या लागणाऱ्या आणि आपल्याला कायद्याने माफ केलेल्या २५ टक्के जागा आपण आपल्या विवेकाने भरल्या नाहीत, तर हक्क सांगायला तोंड कुठलं? आपल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यात स्पष्ट लिहिलंय की जे गरीब आहेत, ज्यांना घरची माया नाही, जे आपल्या श्रद्धेचे नाहीत, त्यांची आधी काळजी घ्या. साठ वर्षं होऊन गेली त्याला. खुर्चीवर बसलास की पहिल्याच वर्षी दोन जागा तरी अशा पोरांसाठी ठेव, आणि त्यांची फी कोण भरतंय हे त्या पोरांनाही कळू देऊ नकोस.

पण जागा देऊन भागत नाही रे. ते पोर वर्गात बसल्यावर काय होतं, हे मला सातवीच्या वर्गाला शिकवताना कळलं.

एक मुलगा आहे, आईची भाजीची गाडी आहे. अपूर्णांक सुरू झाले आणि हा गप्प. फळ्यावर ३/४ लिहिलं की मान खाली. इंग्रजीत विचारलं की डोळ्यांत पाणी. मला वाटलं, पोर कच्चं आहे. एका रविवारी त्याच्या आईकडे वांगी घेताना पाहिलं, तर तोच मुलगा तराजू धरून गिऱ्हाईक करत होता. "पाऊण किलो ना? घ्या." ५००, २०० आणि ५० ग्रॅमची वजनं त्याने न बघता उचलली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सहा महिने मी त्याला मठ्ठ समजत होतो.

सोमवारी तराजू वर्गात नेला. त्याला पुढे बोलावलं. म्हटलं, पावणेदोन किलो दाखव. त्याने किलोचं, अर्ध्याचं, २०० आणि ५०चं वजन ठेवलं आणि म्हणाला, "दोनाला पाव कमी." मी फळ्यावर लिहिलं, २ वजा १/४. वर्ग बघतच राहिला. मग पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असं सगळं घरच्या मराठीतून झालं आणि शेवटी त्यानेच इंग्रजीत वाचलं. आता आठवड्यातून एक तास असाच ठेवलाय; ज्याला जे घरून येतं ते त्याने शिकवायचं. त्याच महिन्यात शाळेत नवा डिजिटल फळा बसला, तोही कामाचा आहे, पण माझ्या वर्गाला तराजूने पुढे नेलं.

दुसरी गोष्ट शाळा सुटण्याआधीच्या पाच मिनिटांची. जेझुइट फादरांकडे त्यांचा संघ स्थापणाऱ्या संत इग्नाशियसपासून दिवसाचा आढावा घ्यायची पद्धत आहे, तुला आठवत असेल. बोर्डिंगमध्ये आपण झोपताना करायचो. माझ्या वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध मुलं जास्त, म्हणून प्रार्थना कुणावर लादत नाही. डोळे मिटायचे आणि मनात तीनच प्रश्न: आज काय छान झालं, कुणाला दुखावलं, उद्या काय करीन. वाटलं तर चिठ्ठी लिहून डब्यात टाकायची, नाव लिहायचं नाही. एक चिठ्ठी मी पाकिटात ठेवलीय. "आज मी डबा एकट्याने खाल्ला कारण त्याच्याकडे डबा नव्हता आणि मला द्यायचा नव्हता. उद्या देईन." एका पालकाने आक्षेप घेतला होता, धर्म शिकवता का म्हणून. त्यांना वर्गात बसवलं, डोळे मिटायला लावले. पुन्हा काही बोलले नाहीत.

एवढं सगळं लिहायचं कारण, तुझ्या पत्रात निकाल, प्रवेश आणि इमारत यांवर दोन पानं आहेत आणि मुलांवर एक ओळ. तू असा नव्हतास. रुजू व्हायच्या आधी एक दिवस शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहा. आत कोण जातं तेही बघ, पण परत कोण जातं ते आधी बघ.

मेच्या सुट्टीत वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. बापूंच्या दुकानातली लोखंडी वजनं अजून आईंकडे असतील तर घेऊन ये. आमच्या वर्गातलं ५०चं हरवलंय आणि त्यावाचून पाव होत नाही.

तुझाच मित्र