हीटिंग बंद, दावाही बंद

मा. संपादक, स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या कडाक्याच्या थंडीच्या मिनेसोटा राज्यात राहणारी अनेक मराठी कुटुंबे नाताळच्या सुट्टीला जोडून चार-पाच आठवडे भारतात येतात आणि घराबाहेर पडताना गॅस, दिवे, पंखे सगळे बंद करायची आपली सवय असल्याने तिथले घर उबदार ठेवणारे हीटिंगही बंद करून निघतात. काही वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले. परतलो तेव्हा बाहेरच्या भिंतीतला पाइप बोटभर उभा फाटला होता आणि तळघरात घोटाभर पाण्याचा बर्फ होऊन मुलांचे बूट त्यात रुतून बसले होते. विमा कंपनीच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो थर्मोस्टॅट, म्हणजे हीटिंगचे तापमान ठरवणारे बटण, किती अंशांवर होता, हा. तिथल्या प्रचलित घरविम्यात गोठून फुटलेल्या पाइपमुळे झालेले नुकसान भरून मिळते, परंतु घर उबदार राहील याची वाजवी काळजी घेतलेली असावी, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले असावेत, अशी अट असते. आमचा दावा फेटाळला गेला, आणि पॉलिसी वाचल्यावर तो योग्यच फेटाळला, हे मान्य करावे लागले. वाचलेल्या गॅसचे पैसे किती, हे सांगायलाही लाज वाटते.

वसंतात वितळलेल्या बर्फाचे पाणी जमिनीवरून घरात शिरले तर तो पूर ठरतो. त्यासाठी वेगळा पूरविमा लागतो आणि सरकारी योजनेतला विमा साधारणपणे 30 दिवसांनी लागू होत असल्याने नदी फुगल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

मोटारविम्यात तर ओळखीचा शब्दच चकवतो. आपल्याकडे ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ म्हटले की थर्ड पार्टीसह स्वतःच्या गाडीचे अपघाती नुकसानही त्यात आले. तिथे त्याच शब्दात चोरी, गारपीट, गाडीवर आदळलेले हरीण अशाच गोष्टी येतात. बर्फावरून घसरून गाडी खांबाला धडकली तर ‘कोलिजन’ हे संरक्षण वेगळे घेतलेले असावे लागते. हरीण चुकवताना झाडावर आदळलात, तरी तो कोलिजनच! मिनेसोटाच्या 1974 च्या ‘नो-फॉल्ट’ कायद्यामुळे, चूक कोणाचीही असो, आपल्या उपचारांचा किमान 20 हजार डॉलरपर्यंतचा खर्च आपलीच विमा कंपनी देते, यावरून गाडीचेही तसेच असेल अशी नव्याने गेलेल्यांची समजूत होते. ती चुकीची आहे.

यंदा आम्ही पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, थर्मोस्टॅट 60 फॅरेनहाइटवर ठेवून आणि किल्ली शेजारच्या आजींकडे देऊन पुण्यात आलो आहोत.

— एक वाचक, सेंट पॉल, मिनेसोटा (सध्या पुणे)