टोरंटोचा पहिला संघ रॅप्टर्स नव्हे

संपादक महोदय,

एनबीए ही अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा कॅनडात पोहोचली १९९५ साली, टोरंटो रॅप्टर्स आणि व्हँकुव्हर ग्रिझलीज हे तिथले पहिले संघ, असे आपल्याकडच्या क्रीडापानांवर सर्रास छापून येते. व्हँकुव्हरपुरते ते बरोबर आहे. टोरंटोत मात्र त्याआधी ४९ वर्षे 'हस्कीज' नावाचा संघ उभा राहिला आणि एकच हंगाम खेळून बंद पडला.

एनबीए आपला पहिला सामना म्हणून जो मोजते, तो १ नोव्हेंबर १९४६ रोजी हस्कीजच्याच घरी, मेपल लीफ गार्डन्स या हॉलमध्ये झाला. स्पर्धेचे नाव तेव्हा बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका. १९४९ मध्ये ती नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये विलीन होऊन एनबीए झाली, पण आधीचे तीन हंगाम एनबीएने आपल्याच खात्यात धरले. तिकीट ७५ सेंटपासून अडीच डॉलरपर्यंत. हस्कीजच्या ६ फूट ८ इंची जॉर्ज नोस्ट्रँडपेक्षा उंच असेल त्याला प्रवेश फुकट! प्रेक्षक आले ७,०९०. पहिली बास्केट न्यूयॉर्क निकरबॉकर्सच्या ऑसी शेक्टमनची. हस्कीजचा एड सॅडोव्हस्की १८ गुण काढून दुसऱ्या अर्धात लवकरच फाउलची मर्यादा भरून बाहेर गेला आणि न्यूयॉर्कने सामना ६८-६६ असा जिंकला. ही गुणसंख्या आज कमी वाटते, पण २४ सेकंदांत फटका मारायला लावणारे घड्याळ १९५४ मध्ये आले आणि त्या हंगामात स्पर्धेतले शंभरातले जेमतेम २८ फटके आत जात.

सॅडोव्हस्की खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. खरी गडबड इथेच झाली. १२ सामन्यांत ३ विजय, ९ पराभव, की त्याचे बिनसले आणि त्याला क्लीव्हलँडला धाडण्यात आले. मग लू हेमनने एक सामना सांभाळला (हार), डिक फिट्झजेराल्डने तीन (दोन जिंकले), आणि उरलेले ४४ रेड रॉल्फने. रॉल्फ न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा माजी खेळाडू! त्याच्या हाताखाली संघ १७ जिंकला, २७ हरला, म्हणजे आधीपेक्षा बराच सुधारला. एकूण २२-३८. कॅनडातले खेळाडू दोनच, विंडसरचे हँक बियासाटी आणि जिनो सोव्हरन, आणि त्यांनाही मोजकेच सामने मिळाले. घरच्या पोरांना बाकावर बसवून घरचा प्रेक्षक कसा जमवायचा, हे कोडेच आहे.

'कॅनेडियन माणसाला बास्केटबॉल रुचला नाही' हे ठरावीक कारण मला अपुरे वाटते. पूर्व गटात बॉस्टन सेल्टिक्सचीही कामगिरी नेमकी २२-३८ होती. दोघे तळाशी बरोबरीने. सेल्टिक्स टिकले, हस्कीज संपले. ही स्पर्धा मुळात आइस हॉकीच्या रिंकवाल्यांनी, म्हणजे हॉलमालकांनी काढलेली. हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा राहू नये, म्हणून बर्फावर लाकडी फळ्या टाकून खेळ लावायचा. बॉस्टनचा वॉल्टर ब्राउन बॉस्टन गार्डनचा प्रमुख होता. तोटा सोसायचा की नाही हे त्याच्या हातात होते, आणि त्याने तो सोसला. हस्कीजच्या मालकांच्या हातात हॉल नव्हता. शिवाय मेपल लीफ गार्डन्समध्येच खेळणाऱ्या मेपल लीफ्स या हॉकी संघाने १९४७ मध्ये स्टॅनले कप हा हॉकीचा करंडक जिंकला. हॉकीच्या त्या वेडापुढे तळाच्या बास्केटबॉल संघाला कोण विचारणार?

अर्थात हॉल हाती असला म्हणजे निभावले असेही नाही. क्लीव्हलँड रेबेल्स, डेट्रॉइट फाल्कन्स आणि पिट्सबर्ग आयर्नमेन यांचे मालक हॉलवालेच होते, तरी हस्कीजबरोबर तेही बंद झाले. अकरा संघांतले सात उरले, बाल्टिमोरचा संघ घेऊन आठ झाले आणि पुढचा हंगाम प्रत्येकी ६० ऐवजी ४८ सामन्यांचा ठरला. सॅडोव्हस्की मात्र पुढच्याच हंगामात बॉस्टनकडून खेळून स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांत आला.

रॅप्टर्सनी २०१६-१७ मध्ये काही सामने हस्कीजच्या निळ्या-पांढऱ्या गणवेशात खेळले. त्याची छायाचित्रे छापताना खाली निदान '१९४६-४७, टोरंटो हस्कीज' एवढे द्यावे, आणि रॅप्टर्सना 'टोरंटोचा दुसरा एनबीए संघ' म्हणावे, ही विनंती.

— एक निवृत्त बास्केटबॉल पंच, नागपूर